पाटाच्या वरचे गाव

पुणे जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावा. भीमाशंकरच्या डोंगरात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत साठेक किलोमीटर पूर्वेला आले की शिरूर तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. सह्याद्री चढताना ढग आपले ओझे टाकून देतात आणि पुढच्या गावांच्या वाट्याला उरलेसुरले येते. या घसरत्या पावसाच्या पट्ट्यात, दक्षिणेला भीमा आणि उत्तरेला घोड या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर पाबळ वसलेले आहे.

पुण्यापासून रस्त्याने हे अंतर सत्तरेक किलोमीटरचे. नगर रस्त्याने शिक्रापूर गाठायचे आणि उत्तरेला वळायचे, किंवा राजगुरुनगरहून कनेरसरमार्गे पूर्वेला यायचे. आज दोन्हीकडचे रस्ते बरे आहेत, दिवसभर एसटी आणि जीपगाड्या चालतात. तरीही पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या पठारावरच्या गावांना पिढ्यान् पिढ्या सगळे उशिरा पोचत आले आहे. कारण या भागात गाव जवळचे की लांबचे हे पाणी ठरवते.

धरणाचा कालवा, म्हणजे इथल्या बोलीत पाट, उताराने चालतो. डोंगरपायथ्याच्या धरणातून निघालेला पाट जमिनीची एक ठरावीक उंची धरून, वळसे घेत, हळूहळू खाली उतरत जातो. त्याच्या खालच्या अंगाला असलेली सगळी जमीन दारे धरून भिजवता येते, वरच्या अंगाची नाही. भीमेवरच्या चासकमान धरणाचा पाट शिरूर तालुक्यात आला, घोडवरच्या डिंभे धरणाचा पाट आला, घोड धरणाने खालची गावे ओली केली. या पाटांच्या खाली ऊस उभा राहिला, न्हावऱ्याला साखर कारखाना निघाला. पाबळचे पठार मात्र या पाटांच्या वर राहिले. पंप, वीज, जलवाहिनी यांच्याशिवाय तिथे धरणाचे पाणी चढत नाही. उपसा सिंचनाची मागणी इथे कित्येक निवडणुका पाहून झाली आहे. वेळ नदी कनेरसर, केंदूरच्या बाजूने वाहते, पण ती हंगामी. खेड तालुक्यातल्या डोंगरात उगम पावून तळेगाव ढमढेरे परिसरात भीमेला मिळेपर्यंत वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात वाळू आणि गोटेच दिसतात.

शेजारच्या दौंड तालुक्याशी तुलना केली की हा भेद डोळ्यांत भरतो. दौंडचा पाऊसही असाच तोकडा आहे. परंतु खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात, १८७०च्या दशकात बांधून झाले आणि त्याचा उजवा कालवा पुणे शहरातून पुढे थेट पाटसपर्यंत नेला गेला. कर्नल फाइफ या अभियंत्याची ती योजना. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात कालव्याची कामे म्हणजे भुकेल्या माणसांचा आसरा होता. त्याआधीच, १८५८ मध्ये, पुण्याहून निघालेली रेल्वे दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत गेली होती, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन दौंड जंक्शन बनले. एका तालुक्याला पाणी आणि रूळ दोन्ही दीडशे वर्षांपूर्वी मिळाले. पाबळच्या पठाराला रूळ कधीच नव्हते, आणि पाण्यासाठी ते अजून वाट पाहते आहे. दोन्हीकडची माणसे सारखीच कष्टाळू. दौंडचा शेतकरी बागायतदार झाला आणि पाबळचा जिरायतदार राहिला, यात माणसाचा गुण-दोष शोधणे मला अन्यायाचे वाटते.

पठाराची जमीन बहुतांशी हलकी, मुरमाड. वीत-दोन वीत मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा कातळ. हा दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्ह्याचे थरावर थर साचून तयार झालेला. सलग, एकसंध कातळात पाणी मुरत नाही. दोन थरांच्या सांध्यात, भेगांमध्ये, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या किंवा झिजून पोकळ झालेल्या खडकात ते साठते. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडच्या विहिरीला झरे फुटतात आणि पलीकडची कोरडी जाते. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा, जिथे जरा खोल माती तिथे रब्बीची ज्वारी, विहिरीला पाणी असेल तर कांदा, अशी इथली शेती. कांदा चाकणच्या बाजारात जातो. उत्तरेला आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार आहे. तिथल्या गावांनी पावसावरच खरिपाचा बटाटा पिकवून नाव मिळवले. सातगाव पठार डोंगराच्या जवळ असल्याने पावसाचा एक हात जास्त पडतो, आणि तेवढ्या एका हाताने पीक बदलते.

पाण्याचा हा हिशेब या मातीत किती जुना आहे, ते पाबळच्याच शिरूर तालुक्यात उत्खननातून बाहेर आले. शिरूरच्या पूर्व भागात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची कित्येक वर्षे तिथे खोदकाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. लोक जव पिकवत, गाई-बैल आणि शेळ्या-मेंढ्या पाळत, तांब्याची हत्यारे वापरत. पुरापासून वस्ती वाचवायला त्यांनी बांध घातला होता आणि पाणी वळवायला चर खणला होता. गावच्या मुख्याचे म्हणून ओळखले गेलेले घर पाच खोल्यांचे, आणि त्याच्याशेजारी धान्याचे कोठार. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुषही मिळाला. लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, त्यात ठेवत.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमाराला चित्र पालटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, भांड्यांचा दर्जा घसरला, शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली. हवामान कोरडे होत गेल्याने स्थिर शेतकरी अर्धभटके झाले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. ७००च्या सुमाराला वस्ती उठली. आजही पाऊस संपला की या भागातून मेंढरांचे कळप घेऊन धनगर वाटेला लागतात आणि शेतात वाडा बसवतात. मेंढरांच्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. कोरड्या प्रदेशात जगण्याची ही शहाणी रीत आहे. तिला मागासलेपण म्हणू नये.

पठाराच्या दारिद्र्यात आभाळाइतकाच माणसाचाही हात होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला, सावकाराने सढळ हाताने उधारी दिली. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमाराला सरकारने नव्या पाहणीने शेतसारा वाढवला. १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांसाठी हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि भीमथडी, शिरूर, नगरपर्यंत पसरला. जमावाने माणसांवर फारसा हात टाकला नाही. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतपत्रे. ती हाती आली की होळी पेटे. १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्या होळीतून निघाला. 'दख्खनचे दंगे' पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या मुलांना ही गावे पुण्याहून दोन तासांच्या आत आहेत हे शाळेत कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

पाबळचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मस्तानीमुळे. १७२९ मध्ये मोगल सरदार बंगशाने कोंडलेल्या राजा छत्रसालाच्या मदतीला पेशवा बाजीराव बुंदेलखंडात धावून गेला, आणि तिथून मस्तानी पुण्यात आली. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिच्या इनामातली. पाबळला तिचा वाडा होता. शनिवारवाड्याच्या घराण्याने तिला स्वीकारले नाही, पुण्यात तिला काही काळ कैदेतही ठेवले गेले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. तिच्या अंताविषयी विषापासून विरहापर्यंत कथा अनेक आहेत, त्यांतल्या एकीलाही भक्कम कागदाचा आधार नाही. मुलगा समशेरबहाद्दर पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये जखमांनी गेला. मस्तानीची कबर पाबळला, एका तटबंद आवारात आहे. साधी, बुटकी, दगडी. २०१५ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला तेव्हापासून तिथे येणाऱ्या गाड्या वाढल्या. कबर पाहून, छायाचित्र काढून माणसे तशीच परत फिरतात. त्यांना गावचे पद्ममणी जैन तीर्थ दिसत नाही, पलीकडच्या केंदूरची कान्हूराज महाराज पाठकांची समाधी दिसत नाही. आणि ज्या जागेमुळे विसाव्या शतकात पाबळ जगाच्या नकाशावर गेले, ती तर त्यांच्या यादीतच नसते.

ती जागा म्हणजे विज्ञान आश्रम.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा जन्म १९२८चा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी., मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम, पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पद. निवृत्तीला अवकाश असताना त्यांनी नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये, पत्नी मीरा कलबाग यांच्यासह, पाबळला येऊन राहिले. पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून आश्रम सुरू झाला. गाव निवडताना त्यांनी मुद्दाम पाटाखालचे, सुखवस्तू गाव टाळले. पाऊस बेताचा, जमीन बेताची, संस्थांचे फारसे लक्ष नाही, असे सर्वसाधारण गाव त्यांना हवे होते. इथे जे जमेल ते देशातल्या बहुसंख्य गावांत जमेल, हा त्यामागचा विचार.

त्यांचा मुख्य प्रश्न शिक्षणाचा होता. खेड्यातले मूल घरी नांगर दुरुस्त करते, शेळीचे बाळंतपण करते, मोटार सुरू होत नसेल तर ती का होत नाही ते हुडकते, आणि हेच मूल शाळेत नापास होते. कलबागांचे म्हणणे असे की मुलाची बुद्धी हातातून चालते, शाळेला फक्त कान हवे असतात. म्हणून त्यांनी शाळेचा अभ्यासक्रमच कामावर उभा केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस यंत्रशाळेत, शेतात, स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत घालवायचा: जोडकाम, सुतारकाम, वायरिंग, माती परीक्षण, जनावरांची निगा, रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी. आणि हे खोटेखोटे करायचे नाही. गावातल्या कुणाला तरी हवी असलेली वस्तू बनवायची, हवी असलेली सेवा द्यायची, त्याचा मोबदला घ्यायचा आणि हिशेब लिहायचा. कोन, क्षेत्रफळ, टक्केवारी त्या ओघात येते. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने हा विषय पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेला. शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन हे त्याचे चार विभाग. दहावी नापासचा शिक्का घेऊन आलेली मुले इथून वर्कशॉप काढायच्या तयारीने बाहेर पडतात.

आश्रमाच्या सगळ्या उद्योगांत मला एक उद्योग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो थेट पठाराच्या दुखण्याला हात घालतो. तो म्हणजे जमिनीच्या विद्युतरोधावरून भूजल शोधणे. पद्धत समजायला सोपी आहे. शेतात एका रेषेत चार लोखंडी सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती विद्युतदाब दिसतो ते मोजायचे. कोरडा, अखंड कातळ प्रवाहाला फार अडवतो. ओला, भेगाळलेला खडक कमी अडवतो. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिक खोलातून जातो, म्हणजे अधिक खोलीची माहिती मिळते. मोजमापे आलेखावर मांडली की कोणत्या खोलीवर रोध अचानक घसरतो ते दिसते. विहीर किंवा बोअर घ्यायची जागा तिथे. हे यंत्र आश्रमात बनले आणि ते चालवायला बारावीही न झालेली पोरे शिकली. गावोगाव नारळ हातात धरून पाणी सांगणारे पाणाडे असतात, शेतकरी त्यांना पैसे देतो आणि बोअर कोरडी गेली की नशिबाला बोल लावतो. त्याच शेतकऱ्याच्या पोराने आलेख काढून जागा दाखवावी, यापरते विज्ञानशिक्षण कोणते? रोधमापनही चुकू शकते, चिकणमातीचा थर पाण्यासारखा भासू शकतो. पण चूक का झाली ते त्यात तपासता येते.

घुमटाकार घरे हा तिथला दुसरा प्रयोग. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडून घुमट उभा करायचा आणि त्यावर जाळी लावून सिमेंटचा पातळ थर द्यायचा. त्रिकोणाचा आकार दाबाने मोडत नाही, म्हणून थोड्या सामानात मजबूत छप्पर मिळते, आणि आत खांब लागत नाही. जीपचे जुने भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही इथे बनला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रा. नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब आली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राने कापून वस्तू घडवण्याची ही कार्यशाळा. आज अशा प्रयोगशाळा जगभर आहेत. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

आश्रमाने पठाराचे पाणी वाढवले नाही. ते त्याचे काम नव्हते आणि एका संस्थेच्या ताकदीतलेही नव्हते. भोवतालचे जग मात्र वेगाने बदलले. रांजणगाव, सणसवाडी, चाकण इथल्या कारखान्यांनी पठारावरची तरुण मुले ओढून घेतली. पहाटे कंपनीची बस गाठायची, सुट्टीच्या दिवशी शेत पाहायचे, अशी घरे आता पुष्कळ. ज्याला परवडले त्याने प्लॅस्टिकचे अस्तर घालून शेततळे केले. कान्हूर मेसाईच्या वाटेवरच्या मोराची चिंचोली गावाने आपल्या चिंचा आणि मोर यांच्या जोरावर कृषी पर्यटन उभे केले. बैलगाडा शर्यतीचा नाद शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांच्या रक्तात आहे. २०१४च्या बंदीने घाट ओस पडले, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर यात्रांचे घाट पुन्हा गर्जू लागले. पाटाखाली वाढलेल्या उसाने आणखी एक रहिवासी आणला: बिबट्या. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यात बिबट्याची मादी उसात पिल्ले घालते, आणि तिथून तो पठारावरच्या गोठ्यांपर्यंत पोचतो. पाणी पठारावर आले नाही, पण त्या पाण्याने आणलेला धोका आला.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. डिंभे धरणाच्या जलाशयाखाली आंबेगाव तालुक्यातल्या महादेव कोळी आदिवासींची गावे आणि खाचरे गेली. डोंगरातल्यांनी जमीन दिली, खालच्यांना ऊस मिळाला, मधल्या पठाराला दोन्हीतले काही नाही. उद्या पठाराला पाणी द्यायचे ठरले तर ते बाजरी, कडधान्य, कांदा आणि चाऱ्याला मोजून, ठिबकने द्यावे. उसाला देऊ नये. तेवढे पाणी उपसून चढवणे हे तंत्राच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. पाटाखालच्या उसाने आपल्या वाट्यातले थोडे सोडायला हवे, आणि अडचण सगळी तिथे आहे.

वाचकाने पाबळला जावे, आणि शक्यतो पावसाळ्याची हिरवळ टाळून एप्रिलमध्ये जावे, म्हणजे हे पठार आहे तसे दिसेल. मस्तानीच्या कबरीवर फूल ठेवावे. मग आधी कळवून विज्ञान आश्रमात जावे. सोबत अभ्यासात मागे पडलेले, पण हाताने काही ना काही जोडत-मोडत बसणारे एखादे मूल असेल, तर त्याला तिथे दिवसभर राहू द्यावे.